चार टेबलं, एकच वेढा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलावर बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांतले चार डीएम (गोष्ट सांगणारे, खेळ चालवणारे) एकत्र आले की हा विषय निघतोच: आपापली कॅम्पेन, म्हणजे महिनोन्महिने चालणाऱ्या गोष्टी, एकाच जगात जोडायची का? मग त्यातला एक उत्साही गडी चाळीस पानी गूगल डॉक तयार करतो. नकाशे, देवदेवता, राजघराण्यांच्या वंशावळी, सगळं. दुसऱ्या महिन्यापासून तो डॉक कुणी उघडत नाही. खरं तर लागतं फार थोडं. टेबलाकडून, म्हणजे एका डीएमच्या खेळाडूंच्या गटाकडून, वर (सगळं जोडणाऱ्या एकाकडे) चार उत्तरं जावीत, वरून खाली अफवा याव्यात आणि तारीख सगळ्यांची एक असावी.

हे जुनंच तंत्र आहे. वेस्ट एंड गेम्सने 1990 मध्ये 'टॉर्ग' हा रोलप्लेइंग खेळ काढला तेव्हा घरोघरचे जीएम (डीएमचंच दुसरं नाव) आपल्या टेबलावर काय घडलं ते फॉर्म भरून पोस्टाने कळवायचे आणि 'इन्फिनिवर्स' या वार्तापत्रातून युद्धाची कथा पुढे सरकायची. 'लिव्हिंग ग्रेहॉक' या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सामाईक कॅम्पेनने (2000 ते 2008) तर नकाशावरची राज्यंच खऱ्या देशांना वाटून दिली होती. ऑनवॉल ब्रिटनकडे, पेरेनलंड ऑस्ट्रेलियाकडे. 'पाथफाइंडर' या खेळाच्या अशाच सामाईक कॅम्पेनमध्ये, 'पाथफाइंडर सोसायटी'त, टेबलाचा निकाल कळवायच्या रिपोर्टिंगमध्ये ए, बी, सी, डी अशा चौकटी असतात. कुठली खूण करायची ते त्या त्या साहसात सांगितलेलं असतं. एवढ्या मोठ्या पसाऱ्याचं चार चौकटींत भागतं, तर आपलं का भागू नये?

समजा चार टेबलं आहेत आणि एका शहराला वेढा पडलाय. शत्रूच्या जोराला 0 ते 12 असा काटा द्या, सुरुवात 6 वर. 12 झालं की तट पडला, 0 झालं की वेढा उठला. महिनाअखेरीस प्रत्येक डीएमने गूगल फॉर्मवर उत्तरं द्यायची: रसद पोचली का, पूल उभा आहे का, शहराचा सेनापती मोकळा आहे का, मदत कुठल्या गटाला केली. पहिल्या तीन प्रश्नांना पर्याय तीनच: हो, नाही, खेळलो नाही. वर्णन लिहायला जागाच ठेवू नका. ठेवलीत तर लोक कादंबरी लिहितात आणि मुद्दा सापडत नाही. प्रत्येक टेबलाचं वेगळं मोजा: शहराच्या बाजूने जास्त उत्तरं आली तर काटा एकने खाली, शत्रूच्या बाजूने आली तर एकने वर. मग सगळ्या टेबलांची बेरीज करा, पण महिन्याला दोनपेक्षा जास्त हलू देऊ नका. म्हणजे निकाल कसाही लागो, गोष्ट किमान तीन महिने चालते. कुणीच खेळलं नाही तर शत्रूला एक.

खरी गोची होते ती उत्तरं भिडतात तेव्हा. एका टेबलाने पूल उडवला, दुसऱ्याने जीव तोडून राखला. इथे बहुमत लावलंत तर एका टेबलाची अख्खी रात्र पुसली जाते आणि ती मंडळी पुढच्या महिन्यात फॉर्म भरत नाहीत. त्यापेक्षा खाली असं पाठवा: 'एक कमान ढासळली आहे. माणूस पायी जातो, बैलगाडी जात नाही. कुणी म्हणतं सुरुंग लावला, कुणी म्हणतं आधीच तडा होता.' दोन्ही टेबलांना आपलंच खरं वाटतं, आणि रसदीचा नवा प्रश्न आयता तयार होतो. हे पत्रक अर्ध्या पानाचंच, व्हॉट्सॲपवर, महिन्याच्या पाच तारखेच्या आत. लिहिणारा एकच हवा. समिती नेमली की पत्रक रखडलंच.

एनपीसींचीही (डीएम चालवतो त्या पात्रांची) वाटणी आधीच करा. प्रत्येक टेबलाला तीन-चार माणसं मालकीची, त्यांना मारायची पूर्ण मुभा. सेनापतीसारखी सामाईक माणसं टेबलावर जखमी होतील, पळतील, पकडली जातील. मरणार मात्र पत्रकातच. हे खेळाडूंना पहिल्याच सेशनला सांगा, नाहीतर नॅचरल वीस (वीस बाजूंच्या फाशावर थेट वीस) पडल्यावर वाद ठरलेला.

तारखेचं म्हणाल तर खरा एक महिना म्हणजे खेळातला एक महिना. सेशन संपताना पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा चमू) सुरक्षित जागी पोचलीच पाहिजे, डंजनच्या (भुयारी साहसाच्या) मधोमध थांबायचं नाही. पाहुणं कॅरेक्टर दुसऱ्या टेबलावर जाणार असेल तर लेव्हलचा फरक दोनच्या आत ठेवा आणि जादूच्या वस्तूंची यादी त्याच्या डीएमच्या सहीनिशी न्या. एका सढळ हाताच्या डीएममुळे चारही टेबलांचं गणित बिघडतं.

शेवटच्या लढाईला मात्र सगळे एकाच दिवशी बसा, घरं वेगळी असली तरी चालेल. चार तास, दर चाळीस मिनिटांनी प्रत्येक टेबलाने ग्रुपवर फक्त एक आकडा टाकायचा: बचावाच्या किती जागा राखल्या. बेरीज ठरल्या आकड्यापर्यंत गेली की पुढचा टप्पा सगळीकडे एकदम सुरू. उशीर करणाऱ्या टेबलासाठी थांबू नका. त्यांचा आकडा शून्य धरा आणि पुढे चला.