व्हाइटहेवन ते टाइनमाउथ : दोन जुन्या पोलादी सायकली, चार दिवस

व्हाइटहेवनला मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं आणि टाइनमाउथला पुढचं चाक उत्तर समुद्रात, अशी ह्या वाटेची रीत. उत्तर इंग्लंड आडवा ओलांडणारी ही ‘सी टू सी’ वाट १९९४ पासूनची, साधारण २२५ किलोमीटरची. नाशिकहून धाकटा भाऊ आला होता. आमची उंची सारखीच, म्हणून माझ्या दोन्ही सायकली काढल्या आणि रोज अदलाबदल करायची ठरवली: डॉझ ह्या इंग्लिश कंपनीची सत्तरच्या दशकातली गॅलेक्सी आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटची सुपर गॅलेक्सी.

दोन्ही फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर आहे. हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद १९३५ पासूनचं. नळ्या टोकाला जाड, मध्ये पातळ. नखाने टिचक्या मारत नळीवरून जा. सांध्याजवळ आवाज बद्द येतो, मध्यावर छान घुमतो. मला तो आवाज फार आवडतो. केसिकजवळ जुन्या रेल्वेमार्गावरून सामान लादून जाताना दोघींची चाल इतकी सारखी, की डोळे मिटले असते तर कुठल्या सायकलवर आहे हे सांगता आलं नसतं.

फरक कळला हार्टसाइडच्या चढावर. माथा ५८० मीटरवर, आणि चढ संपता संपत नाही. जुनीला पुढे दोनच चकत्या, लहान ४० दात्यांची. मागे सर्वांत मोठी २८ ची. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल तीन मीटर पुढे गेलीच पाहिजे. सुपरच्या तिसऱ्या चकतीला २८ च दाते, तिथे हेच अंतर दोन मीटरच्या जरा वर. मी जुनीवर होतो. शेवटचे दोन टप्पे उतरून ढकलत गेलो, भाऊ बसल्या बसल्या वर पोचला. “दादा, स्टिकर नको बघूस, दाते मोज,” तो म्हणाला, आणि ते अगदी खरं आहे. माथ्यावरचं कॅफे २०१८ साली जळालं, तेव्हा पाणी आणि खाणं खालूनच भरून घ्या.

पुढे ब्लॅक हिल ६०९ मीटरवर आहे, पण मला स्टॅनहोपनंतरचा क्रॉलीसाइडचा चढ जास्त जड गेला. पावसात उतारांवर सुपरचे कँटिलिव्हर ब्रेक (रिमला दोन्हीकडून वेगवेगळ्या भुजांनी धरणारे) निश्चिंत वाटले. जुनीचे ब्रेक आधी रिमवरचं पाणी पुसतात, मग धरतात. तेवढं अंतर हाताशी ठेवावं लागतं.

तिसऱ्या दिवशी जुनीचा मागचा टायर दगडाने बोटाच्या पेराएवढा कापला गेला. वाटेतल्या दुकानात २७ इंची टायर नव्हता. हल्लीच्या ७०० सी मापाचे होते, दिसायला तसेच; पण तिचं रिम ६३० मिलिमीटरचं आणि हा टायर ६२२ चा. आठ मिलिमीटरसाठी काही केल्या चढत नाही. शेवटी टूथपेस्टची रिकामी ट्यूब कापून आतून लावली, हवा थोडी कमी भरली, आणि त्यावर शेवटपर्यंत आलो. जुन्या चाकांची सायकल असेल तर घडीचा एक टायर सामानात हवाच.

कॉन्सेटला थांबलो. इथला पोलाद कारखाना १९८० साली बंद झाला. वाटेकडेला मोजणीच्या उपकरणांची प्रचंड पोलादी शिल्पं उभी आहेत. दोन्ही सायकली तिथे टेकवून आम्ही बराच वेळ बसलो.

जायचं असेल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जा, वारा बहुधा पाठीशी असतो. व्हाइटहेवनच्या आगगाडीत सायकलींना जागा मोजकीच असते, ते आधी विचारा. अशी सायकल विकत घेताना सीटची दांडी हलते का ते पाहा. वर्षानुवर्षं न काढलेली फ्रेममध्ये घट्ट धरून बसते. हँडलजवळ फ्रेमच्या नळ्यांना खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुती लागली, तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली असते.

टाइनमाउथला चाक बुडवल्यावर मात्र लगेच गोडं पाणी शोधा. आम्ही चार बाटल्या ओतून रिम आणि आरे धुतले, फडक्याने पुसले, चेनला तेल दिलं आणि मगच चहा घेतला.