खोक्यातली सहावी पुडी

काकूंनी पर्समधून खोकं काढून काउंटरवर ठेवलं. "मेंदी मी घेऊनच आलेय. तू फक्त लावून दे. मागं माझा हात पोचत नाही."

खोक्यावर हिरवीगार पानं, दोन आवळे, एक जास्वंद आणि कमरेखाली केस सोडलेली पाठमोरी बाई. वर ठळक अक्षरात 'काळी मेंदी'. झाकण उघडून पाहिलं. सहा पुड्या असं छापलेलं होतं, आत पाच निघाल्या. एखादी वापरली असेल म्हणून मी विचारलं नाही.

सांगलीत विश्रामबागला माझं पार्लर आहे, सतरा वर्षं झाली. काकू निवृत्त शिक्षिका, हायस्कूलला इतिहास शिकवायच्या. शनिवारी मुलाचं लग्न होतं आणि ही गोष्ट आदल्या रविवारची. भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं पांढरे केस वाढले होते, खालचे सगळे कुळकुळीत काळे. काका बाहेरच्या बाकावर बसले होते, तोंडापुढं रुमाल धरून. पार्लरचा वास सोसत नसावा, असं मला वाटलं.

"डाय का नाही लावत, काकू?" मी सहज विचारलं.

"मला डाय चालत नाही गं. चार वर्षांमागं लावला आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. तेव्हापासून फक्त मेंदी."

"आणि मेंदीनं काही नाही?"

"छे. मागच्या दोन खेपेला कानामागं जरा लस आली होती. पण ते शाम्पूमुळं."

मी खोकं उलटं केलं. मागची अक्षरं मुंगीएवढी. माझ्याकडच्या मुलीनं मोबाईलवर फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. आवळा होता, शिकेकाई होती, मेंदी होती, आणि त्यांच्या मधोमध पॅराफिनिलीनडायमिन, म्हणजे पीपीडी. चार वर्षांपूर्वी ज्यानं काकूंचे डोळे बंद केले, तेच बहुधा. बाजारातल्या बहुतेक काळ्या डायमध्ये हेच असतं. फक्त यावेळी ते हिरव्या खोक्यात बसून आलं होतं.

मेंदीच्या पानात एकच रंग असतो. त्याला लॉसोन म्हणतात. तो केसाच्या प्रथिनाला धरून बसतो आणि केशरी-तांबडा दिसतो. मग पान राजस्थानातल्या सोजतचं असो नाहीतर आपल्या परसातलं. नुसत्या मेंदीनं केस काळे होत नाहीत. पुडीतली पूड पाऊणएक तासात केस काळेभोर करत असेल, तर ते काम दुसरं कुणीतरी करतंय. आणि पीपीडी एकदा अंगानं नाकारलं की शरीर ते विसरत नाही. बहुतेकांना पुढच्या खेपेला जास्तच त्रास होतो.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी अशीच पुडी मी एका बाईंच्या डोक्याला स्वतःच्या हातानं लावली होती. चाचणी न घेता, कारण नावात मेंदी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या यजमानांचा फोन आला. मी गेले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. दवाखान्यातल्या त्या दोन रात्री मी अजून विसरले नाही.

काकूंना मी 'नाही' म्हटलं. त्या रागावल्या. "तीस वर्षं शिकवलंय मी, मला वाचता येतं," वगैरे. मग मोबाईलवरचा फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि खुर्चीत बसल्या. "मग शनिवारी मी पांढऱ्या केसांनी उभी राहू?"

मी म्हटलं, एक मार्ग आहे, पण तुमचा अख्खा दिवस जाईल. खरी मेंदी आणि नंतर नीळ. आधी कोपराच्या आत दोन्हीचा एकेक ठिपका, आणि दोन दिवस वाट. खोकं मी माझ्याच खणात ठेवून घेतलं.

बुधवारी दहाला काकू हजर. कोपरावर एक केशरी ठिपका, एक निळसर. खाज नाही, पुरळ नाही. काका पुन्हा बाकावर, पुन्हा रुमाल.

मेंदी मी आदल्या रात्रीच भिजवली होती, काचेच्या वाडग्यात, कोमट पाणी आणि लिंबू. माझी पूड सोजतहून येते. पाली जिल्ह्यातलं ते गाव मेंदीवरच चालतं, आणि २०२१ साली तिथल्या मेंदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन असो वा नसो, मी प्रत्येक नवी पिशवी तपासते. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या पेठेत तोलाईदार होते. हळदीत काय काय मिसळतात हे जेवताना ऐकतच मी वाढले, त्यामुळं पुडीवर विश्वास ठेवायची सवयच लागली नाही. चिमूटभर मेंदी पाण्यावर टाकायची. लगेच हिरवं किंवा काळं पाणी सुटलं तर पिशवी परत. चांगल्या पुडीला वाळल्या गवताचा वास येतो, बोटांत ती मैद्यासारखी लागते, आणि रंग सोडायला ती वेळ घेते.

"लोखंडी कढई कुठाय?" वाडगं बघून काकूंनी विचारलं. हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा येतो. आपल्या घराघरांत कढई, चहाचं पाणी, काथ, आवळा, वर एक अंडं. कढई खोटी नाही. चहा, काथ आणि आवळ्यातला तुरटपणा लोखंडाला भेटला की काळा रंग होतो, पूर्वी शाई अशीच करायचे. पण तो किती होईल आणि केसावर किती टिकेल याचा भरवसा नाही. आणि कानामागं नुकतीच बरी झालेली कातडी असताना मला वाडग्यात सात वस्तू नको होत्या. अंड्याचं तर मला कधीच पटलं नाही. मेंदी प्रथिनाला धरते, मग प्रथिन वाडग्यातच कशाला घालायचं? ती तिथंच धरून बसायची. काकूंना हे पटलं नाही. त्यांच्या आई अंडं घालायच्या.

भांग पाडत, मुळापासून, जाड थर देत लावायला तास गेला. वर प्लॅस्टिक, वर जुना टॉवेल. डिसेंबरातली सकाळ, डोक्यावर किलोभर ओला लगदा. काकूंना शिंका सुरू झाल्या. आल्याचा चहा दोनदा झाला.

"आणि ती नीळ म्हणजे कपड्यांना घालतात ती?"

"नाही हो. झाडाची. पानं वाळवून पूड करतात."

"नीळ!" काकू ताठ बसल्या. "चंपारणची?" आणि मग पार्लरचा वर्ग झाला. फेशियलला आलेल्या दोघी, माझ्याकडची मुलगी आणि मी. बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायचीच, अशी शेतकऱ्यावर सक्ती. म्हणून तिनकठिया. मग जर्मनांनी कारखान्यात नीळ केली, झाडाच्या निळीचा भाव पडला, आणि मळेवाल्यांनी तो तोटाही शेतकऱ्याच्या माथी मारला. १९१७ ला गांधीजी तिथं गेले ते यासाठी. काकू हात हलवून सांगत होत्या आणि कपाळावरून मेंदीचा ओघळ भुवईपर्यंत आला होता. मी म्हटलं, काकू, तुमच्या खोक्यातलं ते औषधही त्या कारखान्यातल्या निळीच्याच घराण्यातलं, दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेल्या रसायनांचं. त्या क्षणभर थांबल्या. "हे पुस्तकात नव्हतं."

साडेबाराला वीज गेली.

गिझर बंद. मेंदी थंड पाण्यानं निघत नाही असं नाही, पण शिंका देणाऱ्या बाईच्या डोक्यावर डिसेंबरात थंड पाणी कोण ओतणार? शेजारच्या चहाच्या गाड्यावरून दोन पातेली गरम पाणी आणलं, ते संपलं, पुन्हा आणलं. मेंदीचे कण केसांतून काढताना आधीच जीव जातो. त्यात चाळीस मिनिटं गेली. आणि या गडबडीत माझ्याकडच्या मुलीनं नेहमीच्या सवयीनं नीळ कालवून ठेवली. आमचं ठरलेलं आहे, मी पाणी सोडलं की तिनं कालवायला घ्यायचं.

मेंदी रात्रभर थांबते. नीळ थांबत नाही. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, लिंबू अजिबात नाही. दहा-पंधरा मिनिटांत वर निळसर साय धरते, आणि तेव्हाच ती डोक्यावर जायला हवी. नंतर तिचा जोर उतरतो.

केस पुसून काकूंना आरशासमोर बसवलं. पांढऱ्याचे झाले होते झेंडू. खिडकीतून ऊन नेमकं भांगावर. आधी सांगूनसुद्धा हा क्षण प्रत्येकीला झटका देतो. काकूंनी तोंडावर हात नेला आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. विहीणबाई. व्हिडिओ कॉल. काकूंच्या ओल्या अंगठ्यानं तो उचललाही गेला.

मी टॉवेल फेकला. काकूंनी तो झेलून पदरासारखा डोक्यावर घेतला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, नमस्कार. नाही, देवळात आलेय." मागं फेशियलवाली बाई चेहऱ्यावर पांढरा पॅक लावून पडली होती, ती पॅकसकट हसायला लागली. पॅकला तडे गेले.

फोन ठेवल्यावर मी निळीच्या वाडग्यात पाहिलं. साय मळकट झाली होती. मला तेव्हाच कळलं होतं. पण दुसरं एकच पाकीट शिल्लक होतं, आणि कालवलेलं टाकायला जीव होईना. मी तेच लावलं. चूक त्या मुलीची नाही, माझी.

दोन तासांनी धुतलं. खालचे केस आधीच काळे होते, त्यांचं काही बिघडायचं नव्हतं. पण भांग आणि कानशिलं कांद्याच्या टरफलाच्या रंगाची. काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या आरशात माझ्याकडं बघत राहिल्या. वर्गात पाढे विसरलेल्या मुलीकडं बघावं तसं. मी सरळ सांगितलं, नीळ शिळी झाली होती, तरी मी लावली, आता पुढचा भाग पुन्हा करते, त्याचे पैसे नाहीत.

"मग आधीच का नाही सांगितलंस?"

याला उत्तर नव्हतं.

शेवटच्या पाकिटातलं अर्धं घेतलं. यावेळी आधी केस कोरडे केले, हातमोजे चढवले, ब्रश हातात घेतला आणि मगच मुलीला कालव म्हटलं. ती घड्याळ बघत मोठ्यानं मिनिटं मोजत होती. बाराव्या मिनिटाला साय आली, गर्द, चमकदार. फक्त भांग आणि कानशिलं, पुन्हा दीड तास. तोवर वीज आली होती, बाहेर अंधार पडला होता, काकांचा पेपर जाहिरातींसकट वाचून झाला होता. आत या म्हटलं तर मानेनंच नको म्हणाले.

सव्वासातला शेवटचं पाणी. ट्यूबलाईटखाली भांगात हिरवट छटा होती. काकूंनी ती लगेच पकडली. मी म्हटलं, हवा लागू दे, उद्या संध्याकाळपर्यंत बसेल, परवा अजून गडद होईल. शुक्रवारपर्यंत शाम्पू नको. उद्या रात्री खोबरेल चोपडा, कारण मेंदीनं केस दणकट वाटतात पण कोरडे पडतात. आणि यापुढं पार्लरमध्ये कुणी केसांना ब्लीच करू म्हटलं तर नीळ लावलीय हे आधी सांगा, नाहीतर केस हिरवे निघतील. काकू सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या, बोटांनी भांग चाचपत. "केस जाड झाल्यागत लागतायत," म्हणाल्या. खाज कुठं? कुठंच नाही. कानामागं पुन्हा पुन्हा बोट नेऊन त्यांनी खात्री केली.

पैसे द्यायला काका आत आले. पाकीट काढायला दोन हात लागतात, रुमाल खाली आला.

मिशी काळीभोर. डोक्यावरचे केस पांढरे आणि मिशी अशी काळी, जणू दुसऱ्या कुणाची आणून लावलीय. मिशीखालचा ओठ लाल, सुजलेला, आणि कडेला पिवळट खपल्या.

मी खण उघडून खोकं काढलं. "काका, सहावी पुडी कुठं गेली?"

काकूंनी आरशातूनच त्यांच्याकडं पाहिलं. "अहो! तुम्ही तर सर्दीनं सोललंय म्हणत होता."

"शनिवारी रात्री लावली. तू झोपल्यावर," काका रुमालाकडं बघत म्हणाले. "मिशीपुरतीच. व्याह्यांची मिशी बघितलीस ना कशी काळी आहे."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, उजेडात ओठ पाहिला. हे माझं काम नव्हतं. उद्या सकाळी दहाच्या आत त्वचेच्या डॉक्टरांकडं, आणि जाताना हे खोकंही न्या म्हणजे त्यांना वाचता येईल, असं सांगितलं. डोळ्यांवर सूज चढली किंवा श्वासाला जड वाटलं तर सकाळचीही वाट बघू नका, रात्रीच निघा. काकूंनी खोकं माझ्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन ओढली.

काका उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. बेसिनशेजारच्या वाडग्याकडं बोट केलं. तळाशी चमचाभर नीळ उरली होती.

"ही चालेल का?"

"ओठ बरा होईपर्यंत काहीच नाही लावायचं," मी म्हटलं. "आणि ती कालवून दोन तास झाले, काका."