बिडाचं काढलं, पाइपाचं बसवलं

रविवार, रात्री साडेअकरा

गाडीचा हेडर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारा पाइपांचा जोड, बसला एकदाचा. साबण झाला, भांड्याची पावडर झाली तरी नखातलं काळं काही निघेना, म्हणजे उद्या उद्यमबागेत, आमच्या बेळगावच्या इंडस्ट्रियल एरियात, शॉपवर सगळ्यांना कळणारच रविवार कुठं गेला ते. डोक्यात आहे तोवर लिहून काढतो, नंतर टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, किती दिला आणि कुठला नट आधी आवळला हे कोण लक्षात ठेवतंय.

गाडी आपली जुनीच, होंडा सिटी दीड लिटर व्हीटेक, १०६ बीएचपी वाली, २००० साली आलेली आणि २००३ ला बंद झालेली. केए २२ पासिंग, पंधरा वर्षं संपल्यावर रीपासिंग करून ठेवलेली. घरातले सगळे विकून टाक म्हणतात, मी ऐकून घेतो आणि विषय बदलतो.

कंपनीच्या गाडीत काय असतं, चार सिलिंडरचा धूर एका बिडाच्या ओतीव मॅनिफोल्डमधे येतो, आखूड आखूड चार तोंडं, लगेच एकत्र, आणि खाली डाऊन पाइप. हेडरमधे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा लांब पाइप. माझा चार-दोन-एक, म्हणजे एक नंबर आणि चार नंबर एकत्र, दोन आणि तीन एकत्र, आणि मग त्या दोघांचा एक. ही जोडी उगाच नाही, फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन आहे म्हणून एक आणि चारच्या धुरात क्रँकचा बरोबर एक फेरा अंतर पडतं, दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. धुराचा एक लोट जोरात पुढं गेला की त्याच्या मागं ओढ तयार होते आणि ती ओढ सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते, तेवढी ताजी हवा जास्त आत येते. स्कॅव्हेंजिंग म्हणतात ते हेच. पण ती ओढ व्हॉल्व्ह उघडा असताना तिथं पोचली पाहिजे, आणि ते पाइपच्या लांबीवर, म्हणून फायदा एका ठराविक आरपीएमच्या पट्ट्यातच मिळतो, सगळीकडे नाही. चार-एक वाला अगदी वरच्या आरपीएमला देतो, चार-दोन-एक मधल्या पट्ट्यात. मला रेस मारायची नाही, वंटमुरीचा घाट गिअर न पाडता चढायचाय, एवढंच.

कालच संध्याकाळी सगळ्या नटांवर डब्ल्यूडी फॉर्टी मारून ठेवलेलं, आज सकाळी चहाच्या आधी परत एकदा. ह्या गाडीत एक बरं आहे, एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या मागं, त्यामुळे फॅन काढला की हात जातो. बॅटरीची निगेटिव्ह काढली, गाडी पुढून उचलून जॅक स्टँडवर ठेवली, जॅकवर विसंबून खाली शिरायचं नाही हे चुलत भावाला तीनदा सांगावं लागलं, त्याला सगळ्याची घाई. वरचं हीट शील्ड दहाच्या पान्यानं निघालं, त्यातला एक बोल्ट फिरायलाच तयार नाही, त्याचं डोकं गंजून गोल झालेलं, छिन्नी लावून उडवला. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरला बावीसचा पाना लागतो, पण वायर मधे येते म्हणून एका बाजूनं चीर असलेलं सॉकेट आणलं होतं, आणि इंजिन थोडं गरम असतानाच तो सोडवला, थंड झाल्यावर तो आट्यांसकट येतो.

खरा वेळ गेला तो डाऊन पाइपच्या बोल्टांत. वीस वर्षं आपल्या पावसाचं पाणी आणि चिखल खाल्लेले बोल्ट, नट कुठला आणि गंज कुठला ओळखू येईना. पाना लावून टॉमीला पाइप घातला, भाऊ म्हणाला मार की जोर, म्हटलं थांब, जोर लावला की बोल्ट तुटतो आणि मग ड्रिलिंग आलं. गल्लीत कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान आहे, त्या अण्णांना बोलवून आणलं, त्यांनी गॅसची ज्योत नटावर धरली, नट लाल होईतो, मग थोडं घट्ट करायच्या दिशेनं हलवला, मग उलट. कट असा आवाज आला आणि फिरायला लागला. अण्णा म्हणाले, "आयतु," म्हणजे कन्नडमधे झालं, आणि पैसे विचारले तर हात हलवून निघून गेले. पुढच्या वेळी काम घेऊन त्यांच्याकडंच जायला लागणार, हा त्यांचा धंद्याचा हिशेब मला पक्का ठाऊक आहे.

मॅनिफोल्डचे नट त्या मानानं सोपे गेले, बाराचा सॉकेट, काही ठिकाणी नटाबरोबर स्टडच बाहेर आला, तो येतोच. डोक्याला ताप नको म्हणून सगळेच स्टड नवीन घातले. जुने काढायला दोन नट एकमेकांवर आवळायचे आणि खालचा सोडवायचा, ही युक्ती शॉपवरच्या कुठल्याही फिटरला झोपेत येते.

मग बाबा आले बाहेर. मॅनिफोल्ड मी अंगणातल्या दगडावर ठेवलेलं. बाबा त्याच्याकडं बघत उभे राहिले, मग उचललं, फिरवलं, अंगठ्याची कड पार्टिंग लाइनवरनं, साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवरनं, फिरवली, चारी तोंडांत बोट घालून बघितलं. छोटा हातोडा मागितला आणि हलकेच मारला. टण्ण वाजलं.

"चीर नाही कुठं. कोअर पण सरकलेला नाही. कशाला काढलास गा?"

"बाबा, जरा पिकअप वाढतो."

"कास्टिंग चांगलंय हे."

एवढंच बोलून आत गेले. बीडाला चीर असली की आवाज बद्द येतो, आणि कोअर, म्हणजे पोकळीसाठी साच्यात ठेवतात तो रेतीचा गाभा, सरकला असता तर एका बाजूची भिंत पातळ लागली असती, जन्मभर मोल्डिंगवर, म्हणजे ओतकामाचे साचे करण्यात, काढलेल्या माणसाला ते हाताला कळतं.

आणि खरं सांगू, बाबांचं बरोबर आहे. हेडर विकणारे लोक कंपनीच्या मॅनिफोल्डला सरसकट कचरा म्हणतात ते मला ऐकवत नाही. बेळगाव अर्धं फौंड्रीवर जगलंय, रेतीत कोअर ठेवून अशी वाकडीतिकडी पोकळ वस्तू ओतणं काय असतं ते इथं पोराटोरांना ठाऊक. बीड कंपन गिळतं, म्हणून तर लेथचा बेड बिडाचा असतो, आणि म्हणूनच कंपनीचं मॅनिफोल्ड आवाज करत नाही. जाड असतं, रोज तापून थंड होऊन वर्षानुवर्षं टिकतं, स्वस्तात हजारोंनी निघतं. कमी काय आहे, तर आकार बेताचा आणि वजन जास्त, आणि एवढं लोखंड तापेपर्यंत कॅटला, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, उशिरा गरमी मिळते, म्हणून नवीन गाड्यांत कंपन्याच पातळ पाइपाकडं वळल्या. म्हणजे मी काही कचरा काढून सोनं बसवलं असं नाही, गुपचूप राबणारी एक वस्तू काढून थोडी ताकद आणि थोडा आवाज विकत घेतला, बदल्यात बॉनेटखाली उष्णता जास्त आणि गाडी खाली लागायची भीती. हा सौदा आहे, ज्याला पटेल त्यानं करावा.

आता नव्या हेडरची गोष्ट. स्टेनलेस ३०४ म्हणून घेतलेला, बाहेरच्या एका विक्रेत्याकडून, चकाकतोय भारी. पण फ्लँजवर, म्हणजे इंजिनच्या हेडला टेकते त्या जाड पट्टीवर, सरळ पट्टी धरली तर मधे उजेड दिसतोय. वेल्डिंग करताना फ्लँज ओढला गेलाय, फट मोजायचा फिलर गेज सहज आत जातोय. हा असाच आवळला असता तर दोन्ही टोकांनी फुसफुस ठरलेली. पोर्टच्या आतल्या बाजूला वेल्डचे मणी पण तसेच सोडलेले, धुराच्या वाटेतच. म्हणून पार्सल आल्यावर गेल्या आठवड्यातच शॉपवर नेऊन मिलिंगला एक हलका कट मारून घेतला होता, फिक्स्चर नाही काही नाही, लाकडी ठोकळे आणि क्लॅम्प लावून, आणि आतले मणी डाय ग्राइंडरनं साफ केले. पुण्यात की बंगळूरला बसून हे काम करणारा माणूस काय करत असेल देव जाणे, आपल्याला उद्यमबाग सायकलवर आहे.

बसवताना हेडची बाजू घासून साफ केली, जुन्या पॅकिंगचा कण पण ठेवला नाही. पॅकिंग नवीन, पत्र्याच्या थरांचं, कोरडंच बसवलं. सिलिकॉन लावायचा नाही, त्याची वाफ सेन्सरला मारते. भाऊ ट्यूब उघडून उभाच होता. सेन्सरच्या आट्यांना, ते जाम होऊ नयेत म्हणून, अँटीसीझ अगदी थोडं, टोकाला अजिबात नाही. हेडर खालनं घातला, नट आधी सगळे हातानं, मग मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आधी निम्मा टॉर्क, मग पूर्ण ३१ न्यूटन मीटर. हे नेमकं लिहून ठेवतोय कारण एक-दोनदा तापून थंड झाल्यावर परत चेक करायचंय, पॅकिंग बसतं आणि नट ढिले पडतात. शेवटी थिनरच्या फडक्यानं पूर्ण हेडर पुसला, हाताचे तेलकट ठसे राहिले की ते भाजून कायमचे डाग पडतात. हीट रॅप, म्हणजे पाइपाला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी, गुंडाळणार नाही, आपल्याकडं जून ते सप्टेंबर त्यात पाणी धरून राहतं आणि आतनं पाइप खातं.

चालू केल्यावर थोडा धूर आला, आई खिडकीतनं ओरडली, "पेटली काय रे ती?" तो उरलेल्या तेलाचा, पाच मिनिटांत गेला. आत दाब वाढावा म्हणून भावानं मागं सायलेन्सरच्या तोंडाला ओलं फडकं धरलं, मी पुढं साबणाचं पाणी जॉइंटवर मारत गेलो. बुडबुडे नाहीत, टिकटिक नाही. हे बघणं गरजेचं, कारण सेन्सरच्या आधी लीक असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं मिक्श्चर पातळ झालंय, आणि तो बसतो पेट्रोल वाढवत. पाइप तोंडाजवळ सोनेरी झालाय आता, पुढं निळा होईल.

संध्याकाळी काकतीवरनं वंटमुरीपर्यंत जाऊन आलो. खालच्या आरपीएमला काही फायदा नाही, उलट गावातल्या ट्रॅफिकमधे किंचित ढिली वाटते. साडेतीन हजारच्या वर मात्र खेचते, घाटात चौथ्यावरच राहिली, ट्रकच्या मागनं बाहेर काढताना मन कचरलं नाही. आवाज थोडा भरदार, पातळ पत्र्याची एक झंकार त्यात आहे, ती मला आवडेल की नाही ते महिनाभरानं सांगतो. किती बीएचपी वाढली विचारू नका, डायनोवर, ताकद मोजायच्या मशीनवर, चढवल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस थापा मारतोय. परत येताना अनगोळच्या स्पीडब्रेकरवर मात्र कलेक्टर, म्हणजे पाइप एकत्र येतात तो खालचा भाग, लागतो की काय म्हणून अगदी तिरकी घेतली, चेंबरखाली आता बोटभर जागा कमीच झालीय.

कॅट आणि मागचा सायलेन्सर कंपनीचाच ठेवलाय, त्याला हात लावणार नव्हतोच. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी जुळली नाही असा बदल गाडीत चालत नाही, आणि आवाज-धुराचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स पण जातं. बुलेटची पोरं रात्री फटाके फोडत फिरतात आणि मग आपल्यासारख्यालाही पोलीस बाजूला घेतात. ह्या आठवड्यात पीयूसी परत काढून घेणार, आकडे शिस्तीत पाहिजेत.

भाऊ आता म्हणतोय माझ्या गाडीला पण बसवूया. त्याची बीएस सिक्स, कॅट मॅनिफोल्डलाच जोडून आहे, हेडर म्हणजे कॅट काढणं. सरळ नाही म्हणून सांगितलं. तोंड वाकडं करून गेलाय, जाताना माझं बाराचं सॉकेट खिशात घालून.