‘हल्ली फार विसरायला होतं’: एका अभ्यासात सहभागी होताना

आमच्या ठाण्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांना अभ्यासासाठी माणसं हवी होती, पण अट जरा वेगळीच. वय साठीच्या पुढे, रोजचं सगळं सुरळीत, आणि तरीही ‘माझी स्मरणशक्ती उतरतेय’ असं स्वतःला वाटणारी. सभागृहातले निम्मे हात वर गेले, त्यात माझाही. माझं वय 68, नोकरी बँकेत झाली. आईला शेवटी डिमेन्शिया होता, त्यामुळे एखादं नाव जिभेवर येऊन अडलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तपासणीत काही दिसत नाही, पण माणसाला स्वतःला मात्र जाणवतं, या अवस्थेला ‘सब्जेक्टिव्ह कॉग्निटिव्ह डिक्लाइन’ म्हणतात. तिची व्याख्या आणि निकष 2014 मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मांडले. अल्झायमरचे बदल मेंदूत लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात, म्हणून ही आधीची माणसं त्यांना तपासायची असतात. असं वाटणाऱ्या बहुतेकांना पुढे डिमेन्शिया होत नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं. त्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला.

संमतीपत्र नीट वाचा म्हणाले, मी वाचलंही. कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही.

मग प्रश्नावली. प्रत्येक प्रश्न ‘दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत’ असा. सांगितलेला निरोप लक्षात राहतो का, वस्तू कुठे ठेवली ते आठवतं का, हिशेब जमतात का. उत्तरं ‘काही फरक नाही’ इथपासून ‘नेहमीच बरंच कमी झालंय’ इथपर्यंत. मी तिथल्या मुलीला म्हटलं, ‘अगं, दहा वर्षांपूर्वी मी नोकरीत होते. आता विजेचं बिलसुद्धा मुलगा फोनवरून भरतो. काम करतच नाही तर बिघडलंय की नाही ते कसं कळणार?’ ती हसली आणि ‘माहीत नाही’चा रकाना दाखवला. माझे असे बरेच रकाने भरले. निवृत्त माणसाला मागच्या दहा वर्षांची तुलना विचारायची तर आयुष्य किती बदललं तेही विचारायला हवं, असं मला अजून वाटतं. शेवटी एक प्रश्न होता: याची तुम्हाला काळजी वाटते का? तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. काळजी वाटणं, त्रास मागच्या पाच वर्षांत आणि साठीनंतर सुरू झालेला असणं, जवळच्या माणसालाही तो जाणवणं, या गोष्टींना त्यांच्या लेखी जास्त वजन आहे.

जवळचं माणूस म्हणून मी सुनेला नेणार होते, ती स्पष्ट बोलते म्हणून. पण तिचं लग्न होऊन सहाच वर्षं झालीत, दहा वर्षांपूर्वीची मी तिला ठाऊकच नाही. मग ह्यांना नेलं. ह्यांना दुसऱ्या खोलीत बसवलं, दार मात्र अर्धं उघडं राहिलं. हे म्हणाले, ‘चष्मा शोधणं? ते लग्न झाल्यापासून चालू आहे.’ मला राग आला, पण त्या मुलीने ‘फरक नाही’वर शांतपणे खूण केली. तिला फक्त बदल मोजायचा होता.

चाचण्या मजेशीर होत्या. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढा. शंभरातून सात-सात वजा करत जा. आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाला हे काय! 93, 86, 79, 72, 65, मी थांबायलाच तयार नव्हते. नंतर बाईंनी सांगितलं, गोची इथेच आहे. शिकलेली, आकड्यांत मुरलेली माणसं थोडी घसरण झाली तरी अशा चाचण्यांत पास होतात, म्हणून त्यांना स्वतःला काय वाटतं ते विचारावं लागतं. लक्षात ठेवायला दिलेले शब्द मात्र इथे लिहीत नाही. पुढे कुणाची तीच चाचणी व्हायची असेल तर बिघडेल.

मनःस्थितीच्या पंधरा हो-नाही प्रश्नांत एक होता: इतरांपेक्षा तुमच्या स्मरणशक्तीच्या तक्रारी जास्त आहेत असं वाटतं का? मी म्हटलं, ‘अहो, यासाठीच तर आलेय मी! हो म्हटलं तर लगेच उदास ठरणार का?’ एका उत्तराने नाही, बेरीज बघतात, म्हणाल्या. पण उदासपणातही विसरायला होतं, म्हणून दोन्ही तपासायचं.

रक्तात बी 12 कमी निघालं, थायरॉइड ठीक. आम्ही पक्के शाकाहारी, त्यामुळे फार नवल नाही. डाव्या कानाने कमी ऐकू येतं हेही कळलं. नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार, आणि मी ते डोक्याच्या खात्यावर टाकत होते! बी 12 ची इंजेक्शनं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सुरू केली. चाचण्यांचे गुण माझ्या वयाला साजेसे आले. वर्षभराने पुन्हा बोलावलंय.

एक रकाना मी कोरा सोडला होता. रक्तातून एपीओई जनुकही तपासणार होते आणि निकाल कळवावा का, असं विचारलं होतं. त्या जनुकाचा एक प्रकार असला तर अल्झायमरची शक्यता वाढते, होईलच असं मात्र नाही. हे म्हणाले, कळून घे. मी ‘नको’वर खूण केली. मुलाला आणि सुनेला याबद्दल अजून विचारलेलं नाही.