बायर्न तिकिटावर एका दिवसात काय काय बघून होईल?

म्युनिकमधल्या कुणाकडे भारतातून पाहुणे यायचे ठरले की हा प्रश्न मला हमखास येतो. आई-बाबा येताहेत, बायर्न तिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया, म्युनिक ज्या राज्यात आहे ते; तिथल्या रेल्वेचं दिवसभराचं तिकीट) काढलं तर एका दिवसात काय काय बघून होईल? सोबत बहुतेकांची यादीही तयार असते: सकाळी नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, दुपारी एखादं सरोवर, संध्याकाळी साल्झबुर्ग. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एका दिवशी एकच गाव धरा. वाटेत उतरावंसं वाटलं तर आणखी एक, त्याहून जास्त नाही.

तिकीट दिवसभराचं आहे आणि अख्ख्या बायर्नमध्ये चालतं, मग ते जास्तीत जास्त वसूल करायला नको का, असं लगेच विचारलं जातं. इथेच गणित फसतं. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी 9 वाजता सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत चालतं. शनिवार-रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी मात्र मध्यरात्रीपासूनच लागू असतं. आयसीई, आयसी, ईसी या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. आरई, आरबी आणि एस-बान या प्रादेशिक गाड्या, शहरातली यू-बान म्हणजे मेट्रो, ट्राम आणि बहुतेक सगळ्या बस एवढं त्यात येतं. म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशी 9 नंतर निघायचं, प्रत्येक स्टेशनावर नाही तरी बऱ्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या गाडीने जायचं, आणि परतही तसंच यायचं. यात तीन ठिकाणं बसवली तर दिवसभर फक्त फलाट बघून होतील.

नॉयश्वानस्टाइनचंच घ्या, कारण सगळ्यांना आधी तेच हवं असतं. म्युनिकहून फ्युसनला पोचायला दोन तास, थोडं इकडेतिकडे. स्टेशनाबाहेरून राजवाड्याच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाऊ गावाची बस मिळते, तीही याच तिकिटावर. तिथून वर राजवाड्यापर्यंत अर्धा-पाऊण तासाची चढण. वयस्कर माणसं असतील तर हा वेळ सरळ दीडपट धरा. म्हणजे बुधवारी 9 नंतर निघालेला माणूस राजवाड्याच्या दारात एकच्या आसपास उभा राहतो. आतली तिकिटं ठरावीक वेळेची असतात आणि तुमची वेळ टळली की प्रवेश मिळत नाही. त्यामुळे दोनच्या आधीची वेळ घेऊच नका, आणि ती ऑनलाइन आधीच घेऊन ठेवा, उन्हाळ्यात तिथे जाऊन मिळेल याचा भरवसा नसतो. आतला फेरा अर्ध्या तासात संपतो. माझ्या मते खरं बघण्यासारखं आहे ते बाहेरून, दरीवरच्या मारियनब्र्युकं या पुलावरून. बायर्नचा राजा दुसरा लुडविग याने 1869 मध्ये बांधायला घेतलेला हा वाडा त्याच्या हयातीत पुरा झालाच नाही. 1886 च्या जूनमध्ये तो गेला आणि सात आठवड्यांत वाडा लोकांना बघायला खुला झाला. ज्याला एकांत हवा होता त्याच्या घरात तेव्हापासून गर्दी आहे, आणि पुलावर उभं राहिलं की मला दर वेळी त्याचं वाईट वाटतं. तर सांगायचं हे, की यात संध्याकाळ होते. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

या तिकिटाचं मला सर्वांत मोलाचं काय वाटत असेल तर मध्येच उतरता येणं. साध्या तिकिटात वाट बदलली की नव्याने हिशेब करावा लागतो. इथे डबा थांबला, खिडकीतून काही आवडलं, उतरलात. रेगन्सबुर्गची गाडी यासाठी उत्तम. म्युनिकहून दीड तासाचा रस्ता, वाटेत फ्रायझिंग आणि लांड्सहूट. लांड्सहूटला सेंट मार्टिन चर्चचा मनोरा आहे, 130 मीटर उंच, विटांनी बांधलेल्या मनोऱ्यांत जगात सर्वांत उंच. आधी सरळ रेगन्सबुर्ग गाठा. डॅन्यूबवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल आणि त्याच्या मागचं जुनं गाव, जे 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, निवांत पायी बघा. येताना पायांत जोर असेल तर लांड्सहूटला उतरा, नसेल तर गाडीत डोळा लागू द्या. निर्णय तिथेच घ्यायचा, घरून नाही.

न्युर्नबर्गला जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. इंगोलश्टाटवरून जाणारी आरई आयसीईच्याच वेगवान मार्गावरून धावते, ताशी 200 किलोमीटरपर्यंत. प्रादेशिक तिकिटावर इतक्या वेगात जायला क्वचितच मिळतं. पावणेदोन तासांत न्युर्नबर्ग. तीच गाडी म्हणून खात्री करून बसा, कारण आउग्सबुर्गवरून जाणाऱ्या गाड्यांना बराच जास्त वेळ लागतो.

साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असलं तरी तिथल्या मुख्य स्टेशनापर्यंत बायर्न तिकीट चालतं, तसंच ऑस्ट्रियातल्याच कुफस्टाइनपर्यंतही. मात्र त्याच रुळांवरून रेलजेट ही ऑस्ट्रियाची वेगवान गाडीही जाते आणि तिच्यात हे चालत नाही. पाहुण्यांचे मूळ पासपोर्ट सोबत हवेतच, फोनमधला फोटो पुरत नाही. परतताना जर्मनीत शिरताना पोलीस गाडीत चढून तपासतात, आणि त्यात गाडीला उशीर होऊ शकतो. म्हणून रात्रीची शेवटची गाडी धरायचा बेत करू नये.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कुणीच सांगत नाही: काही गाड्या वाटेत दुभंगतात. म्युनिकहून आल्प्सच्या पायथ्याकडे निघालेल्या गाडीचा एक भाग होल्झकिर्शनला सुटून बायरिशझेलला जातो, उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा फुटते, अर्धी टेगर्नझेला, अर्धी लेंगग्रीसला. घोषणा बहुधा जर्मनमध्येच होते. चढताना डब्यावरच्या पाटीवर आपल्या गावाचं नाव वाचा आणि आई-बाबांना दुसऱ्या डब्यात मोकळी जागा दिसली तरी जाऊ देऊ नका.

तिकीट एकापासून पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं, आणि माणूस वाढला की किंमत थोडीच वाढते. म्हणून चौघं-पाच जण असाल तर याच्याइतकं स्वस्त फार काही नाही. तिकिटावर सगळ्यांची नावं लिहा, ओळखपत्रं जवळ ठेवा. तुमच्याकडे स्वतःचं डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा प्रादेशिक गाड्यांचा महिन्याचा पास, असेल तर स्वतःला मोजू नका, फक्त पाहुण्यांचं काढा. दर बदलत राहतात, ते डीबीच्या (जर्मन रेल्वेच्या) ॲपवर त्या दिवशीच बघा. बोटी, रोपवे, झुगश्पिट्झ या डोंगरावरची दातेरी रेल्वे यांचं भाडं वेगळं.

बाकी गावांबद्दल थोडक्यात. पास्साऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात, आणि इल्झचं काळसर पाणी इतर दोघींपासून वेगळं ओळखू येतं. पाण्याच्या कडेला बसून ते बघण्यासाठी मी कधीही जाईन. कोनिग्झे हे सरोवर सुंदर, पण गाडी, बदली, बस आणि मग बोट असं करत बराच दिवस जातो, तेव्हा ते शनिवार-रविवारी पहाटे निघणाऱ्यांनीच करावं. रोथेनबुर्ग म्युनिकहून एका दिवसात होतं, पण मी सुचवत नाही. जाता-येता गाडीतच सहा तास जातात आणि ते गाव संध्याकाळी, पर्यटकांच्या बसगाड्या निघून गेल्यावरच खुलतं.

आई-बाबांचा विमानाचा शीण अजून उतरला नसेल तर पहिल्या दिवशी प्रीनला जा. तासाभराचा प्रवास, स्टेशनापासून वीसेक मिनिटं चाललं की कीमझे सरोवराचा धक्का, आणि बोटीने बेटावर गेलात की लुडविगचाच व्हर्सायच्या धर्तीवरचा, तोही अर्धवट राहिलेला, दुसरा राजवाडा. तिथे चढण नाही. दुपारी चारच्या सुमाराला परतीच्या गाडीत बसा, सहाच्या आत घरी पोचाल.