शेपूट तेवढं हातात राहिलं

आईला फोनवर 'पाली पकडतो' एवढंच सांगितलंय. तिच्या डोळ्यांपुढे ट्यूबलाइटमागची पाल येते. इथे जर्मनीतल्या भिंतपालीला मिटणाऱ्या पापण्या असतात, बोटांना चिकटपट्ट्या नसतात आणि ती दिवसाढवळ्या ऊन खात बसते. तिच्या शास्त्रीय नावात पोडार्सिस ही प्रजाती, म्युरालिस ही जाती. पोडार्सिस म्हणजे चपळ पायांची. नाव अगदी रास्त आहे.

दक्षिण जर्मनीत एका रेल्वेच्या कामासाठी जागा 'पालमुक्त' करून द्यायची होती. रुळांखालची खडी यांना फार मानवते. युरोपीय महासंघाच्या 1992 च्या अधिवास निर्देशाच्या चौथ्या परिशिष्टात ही जाती आहे, त्यामुळे एकही मारून चालत नाही. श्टुटगार्टच्या स्टेशन प्रकल्पात पाली हलवायला दीड कोटी युरो लागणार, ही 2017 ची बातमी कंत्राटदार अजून आम्हालाच ऐकवतात, जणू पाली आम्ही आणून सोडल्या.

पकडायला गळाची काठी, टोकाला डेंटल फ्लॉसचा सरफास. फास समोरून न्यायचा. वरून सावली पडली की संपलं. पाल त्याला गवताचं पातं समजते, कधी चावायलाही येते. मानेपाशी गेला की झटका द्यायचा नाही, नुसतं मनगट उचलायचं. मग सुती पिशवी. त्या हंगामात माझ्या फासाने एकाही पालीचं शेपूट तुटलं नव्हतं.

सप्टेंबरअखेर. जागा सोपवण्याआधी परवान्यानुसार उन्हाच्या दिवशी तीन फेऱ्या रिकाम्या, म्हणजे एकही पाल न दिसता, जायला हव्या होत्या. दोन गेल्या होत्या. तिसरी संपता संपता कुंपणाच्या प्लास्टिकपाशी एक मादी दिसली. काठी गाडीत ठेवून झाली होती. मी हाताने झडप घातली. आठ वर्षं हे काम करतोय, आणि झडप घातली! ती खडीत गेली, शेपूट माझ्या तळव्यावर वळवळत राहिलं.

सुपरवायझरने काही पाहिलं नव्हतं. त्याने फॉर्म पुढे केला. मी 0 ऐवजी 1 लिहिला. त्यानंतर दहा दिवस पाऊस, पोकलेन उभे, आणि माझ्याशी कुणी धड बोलेना. ऑक्टोबरात ऊन पडलं, तीन फेऱ्या झाल्या. ती दिसली नाही. सही केली, खडी उचलली गेली.

शेपूट अल्कोहोलच्या कुपीत घालून डीएनए तपासणीला पाठवलं होतं. नोव्हेंबरात निकाल आला: संकर, इटलीकडच्या वंशाचा. "म्हणजे आपली नव्हतीच की," सुपरवायझर म्हणाला. परदेशातून आलेल्याला हे ऐकवताना तो जरासुद्धा अडखळला नाही. आमच्या परवान्यात तरी असा भेद नव्हता.

शेपूट पुन्हा येतं, आत मणक्यांऐवजी कूर्चेची दांडी घेऊन. पण हिवाळ्याची चरबी शेपटात साठवलेली असते, आणि तिची माझ्याकडे राहिली. ती कुंपणाखालून सटकली असेल का? प्लास्टिक वीतभर खोल पुरलेलं होतं. मीच पुरून घेतलं होतं.