कॅप्टन बॅक्स्टरच्या मागचं बंदर

सुट्टीची आजची दुपार ‘हार्बर कमांड’ बघण्यात गेली. १९५७-५८ची अमेरिकन मालिका, कृष्णधवल, अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग. वेंडेल कॉरे यात बंदर पोलिसांचा कॅप्टन राल्फ बॅक्स्टर झालाय. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ सिनेमातला डिटेक्टिव्ह मित्र आठवतो ना, तोच. आरडाओरडा नाही, पल्लेदार संवाद नाहीत. शांतपणे प्रश्न विचारत माणूस मुद्द्यावर येतो. मला हे फार आवडलं.

पण खरं सांगू, कथेपेक्षा डोळे खिळले ते मागच्या गोदीवर. धक्क्याला लागलेल्या बोटी, यारीला लोंबकळणारा माल, गस्तीची लाँच. एप्रिल १९५६मध्ये ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं होतं. म्हणजे मालिका आली तेव्हा सुटा माल यारीने चढवण्याऐवजी मोठ्या बंद पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून नेण्याचा बदल सुरू झालाच होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोसारख्या जुन्या बंदराचा बहुतेक माल खाडीपलीकडच्या ओकलंडला गेला, गोदी कामगारांच्या टोळ्या पांगल्या. सेटवर हे बंदर उभं राहिलंच नसतं.

निर्मिती झिव्ह कंपनीची, ‘हायवे पॅट्रोल’ या पोलिस मालिकेवाल्यांची. त्यामुळे कथा कधीकधी साचेबद्ध वाटते, हे खरं. तरी जुन्या बंदरांचं वेड असेल तर जरूर बघा, आणि कॉरे बोलत असताना एक डोळा त्याच्या मागे ठेवा.